मामांच्या अन्ननलिकेच्या कॅन्सरला 'जीन थेरपी' म्हणून १४ लाख मागायलेत, खरंच असतंय का असलं काही?

लूमवाला_भाचा
नमस्कार मंडळी, मी इथं एरवी नुसता वाचतो, सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या धाग्यावर दोनदा काहीतरी लिहिलं असेल तेवढंच, पण आज डोकं चालेना म्हणून लिहायलोय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

माझे मामा, वय ६१, अशोक चौकाकडं एका टॉवेलच्या कारखान्यात पस्तीस वर्षं जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे होते. तंबाखू-चुन्याची डबी कायम खिशात. दिवाळीनंतर त्यांना भाकरी अडकायला लागली. ताटात भाकरी कुस्करून वर दूध ओतायचे, तरी दुसऱ्या-तिसऱ्या घासाला थांबायचे, छातीच्या मधोमध मूठ दाबून धरायचे, घोटभर पाणी घ्यायचे आणि ते पाणीच परत वर यायचं. मामी म्हणायची पित्त असेल. दोन महिने पित्ताच्या गोळ्यांत गेले. ६४ किलोचे मामा ५२ वर आले तेव्हा मी जबरदस्तीनं दुर्बिणीतून तपासणी करायला नेलं. दातापासून २८ सेंटिमीटरवर गाठ सुरू होते ती ३३ पर्यंत. तुकडा तपासून आला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. सीटी-पेट स्कॅन झालं, शेजारच्या एक-दोन गाठींत आहे पण लिव्हर, फुफ्फुस साफ.

डॉक्टरांनी सांगितलंय की २३ वेळा रेडिएशन (शेक), त्याच्याबरोबर आठवड्याला एक किमो अशा पाच, आणि मग दीड-दोन महिन्यांनी ऑपरेशन. ऑपरेशन म्हणजे अन्ननलिका काढून जठराची नळी करून वर ओढून जोडणार. हे ऐकून घरी आलो तर कुणी कुणाशी बोलेना.

त्यातच ओळखीच्या ओळखीतनं एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकचा माणूस भेटला. म्हणतो ऑपरेशन नको, शेक नको, आमच्याकडं परदेशी जीन थेरपी आहे, बिघडलेला जीन दुरुस्त करणारा व्हायरस सलाईनमधून देतो, सहा डोस, १४ लाख, अर्धे ॲडव्हान्स. व्हॉट्सॲपवर माहितीपत्रक पाठवलंय, त्यावर डीएनएची गोल गोल शिडी आणि जपान-चीन-अमेरिकेचे झेंडे. आई म्हणते होटगी रोडचा दोन गुंठ्याचा प्लॉट विकू, जमीन काय वर घेऊन जायचीय का. मामेभाऊ पण तयार. मला एकट्यालाच कसंतरी वाटायलंय. कुणाला यातलं खरं माहीत असेल तर सांगा, रागावलात तरी चालेल.

कडक_भाकरी
बे पळ की तिथनं. ॲडव्हान्स म्हणलं की तिथंच विषय संपला.

अक्कलकोट_रोड_वाला
भाऊ, आमच्या वडिलांना हेच झालं होतं, जागा थोडी खाली होती. तुझं वाचून ती मूठ दाबून धरायची सवय डोळ्यापुढं आली. आमचं किमो-शेक-ऑपरेशन सगळं झालं, वडील आज आहेत, संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाला चक्कर मारतात, जेवण मात्र दिवसातनं सात-आठ वेळा थोडं थोडं. जीन थेरपीचं मला काय कळत नाही, त्याचं जाणकार सांगतील. मी एवढंच सांगतो, आमचे पण तीन आठवडे असल्याच एका "खात्रीशीर" औषधात गेले आणि तेवढ्यात पाणी पण उतरंना झालं. ते तीन आठवडे मला अजून टोचतात.

निवृत्त_सिस्टर
लूमवाला, बाळा, बाकी चर्चा होत राहील, आधी मला सांग मामांच्या घशाखाली आत्ता काय उतरतंय? पातळ उतरतंय का फक्त पाणी? लाळ थुंकावी लागते का? रात्री खोकला येतो का? शुगर आहे का? १२ किलो गेलेत म्हणजे अंगातलं मांस गेलंय, नुसती चरबी नाही. असा माणूस किमोला टिकत नाही आणि ऑपरेशनला तर नाहीच. जेवण द्यायच्या नळीबद्दल डॉक्टर काही बोलले का?

लूमवाला_भाचा
सिस्टर, पातळ उतरतंय, ताक, दूध, गाळलेलं वरण. शुगर नाही. पोटातनं नळी टाकायचं म्हणले होते, मामा नको म्हणाले. म्हणाले पोटाला पाईप लावून गल्लीत कसं बसू.

निवृत्त_सिस्टर
शर्टाच्या आत राहते रे ती. कुणाला दिसत नाही. नळी घालून घ्यायला सांग, पुढचं मी सांगते सगळं.

बायोटेकवाली_पोरगी
मी मूळची कन्ना चौकातली, आता पुण्यात एका लॅबमध्ये व्हायरल व्हेक्टरवरच काम करते, म्हणजे जीन पेशीत पोचवायला जो व्हायरस वापरतात त्यावर. डॉक्टर नाही, त्यामुळं मामांनी काय घ्यावं हे मी सांगणार नाही, पण तो माणूस जे विकतोय त्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं वाटतं, कारण त्यानं झेंडे खरे लावलेत आणि माल खोटा.

पहिलं म्हणजे जीन थेरपी ही भंकस नाही. अन्ननलिकेच्या कॅन्सरवर ती खरंच माणसांत करून बघितलेली आहे. पी-५३ नावाचा एक जीन असतो, त्याचं काम समजायला मामांचाच धंदा घ्या. मागावर धागा तुटला की माग थांबतो ना, तसं पेशीतल्या डीएनएचा धागा तुटला की पी-५३ पेशीची वाढ थांबवतो, दुरुस्तीला वेळ देतो, आणि दुरुस्त होण्यासारखं नसेल तर ती पेशीच मोडीत काढतो. अन्ननलिकेच्या स्क्वॅमस कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा हा पी-५३ बिघडलेला सापडतो. म्हणजे माग थांबायला तयार नाही, तुटक्या धाग्यावर कापड विणतच सुटलाय. मग कल्पना साधी निघाली की चांगला पी-५३ पेशीत नेऊन बसवायचा. न्यायला घेतला ॲडिनोव्हायरस, सर्दी-खोकल्याचाच एक, त्याची स्वतःची वाढ होणार नाही असा करून.

चीननं २००३ मध्ये अशा पी-५३ च्या औषधाला मंजुरी दिली, जेंडिसीन त्याचं नाव, जगातलं मंजूर झालेलं पहिलं जीन थेरपीचं औषध. पण ते डोक्या-मानेच्या कॅन्सरला, अन्ननलिकेला नाही. त्यावेळी परदेशातनं पेशंट पैसे घेऊन चीनला जायचे. पेशंट जास्त जगतात हे नीट दाखवायच्या आधीच मंजुरी दिली अशी टीका तेव्हापासून आहे. अमेरिकेतल्या कंपनीनं जवळपास तेच औषध ॲडव्हेक्सिन नावानं आणलं, ते मंजूर झालं नाही, २००८ ला कंपनीनं दिवाळं काढलं. हेच औषध जपानमध्ये अन्ननलिकेच्या १० पेशंटना दिलं होतं, ज्यांना किमो-रेडिएशननं उपयोग झाला नव्हता अशांना. देणं सुरक्षित निघालं, पण कॅन्सर बरा झाला असं काही झालं नाही.

आता यातली मेख ऐका. हे इंजेक्शन एंडोस्कोपीतनं, म्हणजे दुर्बिणीतनं, सुईनं थेट गाठीत दिलं होतं, हाताला सलाईन लावून नाही. कारण ॲडिनोव्हायरस रक्तात सोडला की त्यातला बराचसा लिव्हर गिळतं, आणि आपल्यापैकी बहुतेकांना तसली सर्दी कधी ना कधी होऊन गेलेली असते, त्यामुळं अंगातल्या अँटीबॉडी उरलेल्याला धरतात. गाठीपर्यंत पोचणार किती? ज्यानं माहितीपत्रक छापलं त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

शंकेखोर_सोलापुरी
एवढं चांगलं असेल तर वीस वर्षं झाली तरी बाजारात का नाही? औषध कंपन्यांना कॅन्सर बरा झालेला परवडत नाही हे खरं कारण आहे. आणि मुळात आजारी माणसाच्या अंगात व्हायरस सोडायचा ही कुठली अक्कल, त्यापेक्षा आपली साधी औषधं काय वाईट.

कडक_भाकरी
आला का हा. कंपनी दिवाळखोर झाली म्हणून आत्ताच लिहिलंय तिनं वर. औषध चाललं असतं तर विकून मोठे झाले नसते का बे ते?

बायोटेकवाली_पोरगी
शंकेखोर, व्हायरसची भीती अगदीच चुकीची नाही. १९९९ ला अमेरिकेत जेसी गेलसिंगर नावाचा १८ वर्षांचा मुलगा असल्याच ट्रायलमध्ये गेला. त्याला कॅन्सर नव्हता, लिव्हरचा जन्मजात आजार होता, ॲडिनोव्हायरस दिला आणि चार दिवसांत संपला. त्यानंतर नियम इतके कडक झाले की हे सगळं क्षेत्रच काही वर्षं मागं पडलं. म्हणूनच म्हणते, असला डोस कुठल्याही क्लिनिकमध्ये पडद्याआड द्यायची गोष्ट नाही.

आणि बाजारात का नाही याचं उत्तर टीएनएफरेड नावाच्या औषधाच्या गोष्टीत आहे. ह्यात व्हायरसमधून टीएनएफ नावाचं गाठ मारणारं प्रथिन बनवायचा जीन घातला होता, आणि गंमत म्हणजे त्याचं बटण रेडिएशननं दाबलं जायचं, जिथं रेडिएशन पडेल तिथंच जीन चालू. अमेरिकेत अन्ननलिकेच्या २४ पेशंटना किमो-रेडिएशनबरोबर दर आठवड्याला गाठीत हे इंजेक्शन दिलं आणि मग ऑपरेशन. ऑपरेशन झालेल्यांत २९ टक्के लोकांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कॅन्सर शिल्लकच नव्हता. मधला जगण्याचा काळ ४७.८ महिने, म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले. ऐकायला भारी वाटतं ना? आता नुसतं किमो-रेडिएशन आणि ऑपरेशन बघा. हॉलंडची क्रॉस नावाची मोठी ट्रायल २०१२ ला छापून आली, त्यात जीन-बीन काही नाही, आणि जगण्याचा मधला काळ ४९.४ महिने आला, नुसत्या ऑपरेशनवाल्यांचा २४. आणि स्क्वॅमसवाल्यांत तर जवळपास निम्म्यांच्या काढलेल्या अन्ननलिकेत कॅन्सर उरलाच नव्हता. दोन वेगळ्या ट्रायलचे आकडे असे शेजारी ठेवू नयेत हे मला मान्य, पण २४ पेशंटच्या आकड्यावर उड्या का मारायच्या नाहीत हे त्यावरनं कळतं. टीएनएफरेडच्या सगळ्यात मोठ्या डोसला रक्ताच्या गुठळ्या व्हायला लागल्या, आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरची त्याची मोठी ट्रायल २०१० ला उपयोग दिसेना म्हणून बंद केली. कुणी दाबून ठेवलं नाही हो, पुरेसं चाललं नाही.

लूमवाला, एक बघितलंत का? क्रॉसमध्ये ४१.४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप) रेडिएशन २३ भागांत आणि आठवड्याला एक अशा पाच किमो. तुमच्या डॉक्टरांनी २३ आणि ५ सांगितलेत. म्हणजे मामांना जे सांगितलंय ते सोलापुरात आहे म्हणून काहीतरी जुनंपानं सांगितलंय असं बिलकूल नाही.

लूमवाला_भाचा
हे २३ आणि ५ चं वाचून अंगावर काटा आला. मला वाटत होतं २३ म्हणजे मशीन रिकामं असेल तसं ठरवलं असेल.

तुमचं मागाचं उदाहरण मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आधी त्यांनी चूक काढली. म्हणाले, "त्या पोरीला सांग, जुन्या मागाला ताणा, उभा धागा, तुटला तर माग थांबत नाही, बाण्याचंच, आडव्या धाग्याचंच, स्टॉप मोशन असतंय, ताण्याचं नवीन मागांना." मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे माझं स्टॉप मोशन मोडलंय. आणि हा सलाईनवाला नवीन पार्ट घेऊन शेडच्या पत्र्यावरनं खाली फेकणार, आणि म्हणणार बसला बघा मागाला."

मी हसलो, मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो.

बायोटेकवाली_पोरगी
मामांना सांगा त्यांची चूक मान्य, आणि पत्र्यावरनं फेकायचं उदाहरण मी पुढच्या प्रेझेंटेशनला वापरणार, त्यांची परवानगी गृहीत धरून.

जुळे_सोलापूर_७७
एक विचारायचं होतं, धागा भरकटवत नाही. जपानचं एक वाचलं होतं, व्हायरसच कॅन्सर खातो असं काहीतरी. ते हेच का? आणि आयआयटीवाल्यांनी काढलेली ती कार-टी, राष्ट्रपतींच्या हस्ते झाली ती, ती पण जीन थेरपीच ना, मग ती का नाही चालणार?

बायोटेकवाली_पोरगी
दोन्ही प्रश्न बरोबर जागी लागलेत.

जपानचं म्हणजे ओकायामा विद्यापीठातनं आलेलं टेलोमेलायसिन, ओबीपी-३०१ पण म्हणतात. ह्यात जीन दुरुस्त करायचा नसतोच. व्हायरसला वाढायला लागणारी जी किल्ली असते ती बदलून टेलोमरेजची किल्ली लावलीय. टेलोमरेज हे पेशीला न थकता वाढू देणारं एन्झाईम, कॅन्सरच्या पेशींत जोरात चालू असतं आणि साध्या बहुतेक पेशींत बंद. त्यामुळं व्हायरस कॅन्सरच्या पेशीत शिरला की वाढतो, पेशी फोडतो, शेजारच्या पेशीत जातो, आणि साध्या पेशीत शिरला तर गप्प पडून राहतो. शिवाय रेडिएशननं तुटलेला डीएनए जोडायची पेशीची यंत्रणा पण तो व्हायरस मोडतो, म्हणून रेडिएशन जास्त लागू पडतं. ऑपरेशन किंवा किमो झेपणार नाही अशा १३ पेशंटना, बरेचसे वयस्कर, एंडोस्कोपीतनं गाठीत तीन वेळा इंजेक्शन आणि सहा आठवडे रेडिएशन दिलं, त्यातल्या ८ जणांची गाठ पूर्ण दिसेनाशी झाली. लवकरच्या स्टेजला जास्त चांगलं चाललं. २०१९ ला जपान सरकारनं ह्याला साकिगाके म्हणजे झटपट तपासणीच्या रांगेत घेतलं. मला स्वतःला ह्या सगळ्यांत हेच जास्त आशेचं वाटतं. पण परत तेच बघा, गाठीत सुई आणि जोडीला रेडिएशन. रेडिएशन नको असं त्यांनीही म्हटलेलं नाही. तुमचा सलाईनवाला झेंडा जपानचा लावतो आणि जपाननं जे केलं त्याच्या बरोबर उलट सांगतो.

कार-टी ही जीन थेरपीच, बरोबर. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलची नेक्सकार-१९, २०२३ च्या ऑक्टोबरला मंजूर झाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती मुर्मूंच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. पेशंटच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, काढून त्यात नवीन जीन घालतात आणि त्या पेशी मग सीडी-१९ चा बिल्ला लावलेल्या पेशी शोधून मारतात. हा बिल्ला रक्ताच्या काही कॅन्सरना असतो, अन्ननलिकेच्या कॅन्सरला नसतो. ठोस गाठींवर चालेल असा बिल्ला शोधणं आणि त्या पेशी गाठीच्या आत जिवंत ठेवणं ह्यातच सगळं अडलंय. अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी भारतात मंजूर झालेली जीन थेरपी एकही नाही, कार-टी धरून.

नवीपेठ_मेडिकल
माझ्या काउंटरवर गेल्या महिन्यात दोघं जण "जीन थेरपीची गोळी" विचारत आले म्हणून लिहितो. दोघांच्याही फाईलमध्ये डॉक्टरांनी जीन टेस्ट लिहिली होती, थेरपी नाही. लोक गल्लत करतात. टेस्ट म्हणजे गाठीचा तुकडा तपासून एचईआर-२ सारख्या कॅन्सरच्या खुणा आहेत का ते बघणं, त्यावरनं कुठलं औषध लागू पडेल ते ठरतं. इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणारी, निव्होलुमॅबसारखी औषधं पण जीन थेरपी नाहीत, ती अँटीबॉडी आहेत, पण विकणारे सगळ्याला एकच नाव लावतात कारण जीन म्हणलं की माणूस दबतो.

बायोटेकवाली_पोरगी
नेमकं. आणि निव्होलुमॅब मामांच्या रस्त्यात पुढं येऊ शकतं. किमो-रेडिएशन आणि ऑपरेशननंतर काढलेल्या भागात कॅन्सर शिल्लक सापडला तर ते वर्षभर देतात. त्या ट्रायलमध्ये आजार परत न येता गेलेला मधला काळ ११ महिन्यांवरून २२.४ वर गेला. महाग आहे, पण ऑपरेशनचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना विचारायचा प्रश्न म्हणून वहीत लिहून ठेवा. प्लॉट विकायचाच झाला तर असल्या गोष्टीसाठी शिल्लक असू दे.

अक्कलकोट_रोड_वाला
पैशाचं राहिलं. महात्मा फुले योजनेत बसतंय का बघ. हॉस्पिटलला आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडं जा, आधी मंजुरी आणि मग उपचार, उलटं केलं तर त्रास होतो. दुसरं मत घ्यायचं असेल तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी मुंबई, फाईल, सीटीची सीडी आणि तुकड्याच्या स्लाईड बरोबर घे, स्लाईड विसरलास तर परत यावं लागतं, मी आलोय परत. बार्शीला पण कॅन्सर हॉस्पिटल आहे, लोकांना वाटतं खेडं, पण १९८७ पासून तिथं गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवतात, देशात खेड्यापाड्यातली अशी नोंद पहिल्यांदा तिथंच सुरू झाली.

शंकेखोर_सोलापुरी
बरं माझं मागं घेतो थोडं. पण त्या क्लिनिकवाल्यानं "हे ट्रायल आहे" असं म्हणलं तर? ट्रायलमध्ये तर नवीन गोष्टीच असतात.

बायोटेकवाली_पोरगी
ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नंबर मागा, देशातल्या प्रत्येक औषधाच्या ट्रायलची नोंद तिथं सक्तीची आहे, नंबर टाकला की ट्रायल कुठं, कुणावर, कुठल्या एथिक्स कमिटीनं मान्य केली सगळं दिसतं. आणि तपासायच्या औषधाचे पैसे पेशंटकडनं घेत नाहीत. उलट ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांच्यावर येते. १४ लाख मागितले की ती ट्रायल नाही.

लूमवाला_भाचा
फोन केला. स्पीकरवर ठेवला, आई आणि मामेभाऊ शेजारी बसवले. विचारलं सीटीआरआय नंबर द्या. म्हणाला पाठवतो. अर्ध्या तासानं एक फोटो आला, त्यावर नंबर होता खरा, झूम करून बघितलं तर दुकान-आस्थापनेच्या नोंदणीचा दाखला. मामेभाऊ बघतच बसला. मी परत विचारलं इंजेक्शन गाठीत का देत नाही, तर म्हणाला आमचं टेक्निक वेगळं आहे, तुम्ही निगेटिव्ह विचार करू नका, पेशंटला त्याचाच त्रास होतो. आणि आज संध्याकाळपर्यंत भरले तर १२ मध्ये करतो म्हणाला.

आई म्हणाली, "दोन लाखानं कमी केलं म्हणजे भाजीच की." आणि उठून आत गेली.

कडक_भाकरी
आईंना दंडवत.

निवृत्त_सिस्टर
आता नळीचं. मामांना सांग, मी स्वतः तीसेक वर्षं बघितलंय, ज्यांनी वेळेवर नळी घातली ते शेवटच्या शेकापर्यंत चालत आले. आतड्यात घातलेली नळी बारीक असते, त्यातनं ज्वारीचं पीठ, नाचणीचं दाट सत्त्व असलं ढकलायचं नाही, चोंदते. मुगाचं कढण दोनदा गाळून, दूध, पावडर डॉक्टर सांगतील ती, सगळं कोमट आणि थेंब-थेंब, घाई केली की जुलाब. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर कोमट पाणी नळीतनं सोडायचं. देताना आणि नंतर तासभर उशाला उंच, आडवं नाही. आणि तोंडानं जे उतरतंय ते बंद करायचं नाही, गिळायची सवय मोडली की परत यायला वेळ लागतो. चहा गार करून. तंबाखूबद्दल मी काय सांगू, त्यांना माहीत आहे.

जुळे_सोलापूर_७७
चहाचं आठवलं, खूप गरम पेय, ६५ डिग्रीच्या वरचं, अन्ननलिकेच्या कॅन्सरचं संभाव्य कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१६ लाच सांगितलंय. आपल्या आजीची बशीत ओतून फुंकत प्यायची पद्धत बरी होती म्हणायची.

लूमवाला_भाचा
बऱ्याच दिवसांनी येतोय, सगळ्यांनी मेसेज केले त्यांना उत्तर देता आलं नाही, माफ करा.

नळी घातली. गल्लीत कुणाला कळलं नाही, मामांनीच शर्ट वर करून सगळ्यांना दाखवली. मुंबईला जाऊन दुसरं मत घेऊन आलो (स्लाईड विसरलो नाही), त्यांनी पण हेच सांगितलं, सोलापुरातच करा म्हणाले. योजनेत मंजुरी मिळाली. प्लॉट आहे तिथंच आहे.

आज १४ वा शेक झाला, तीन किमो झाल्या. दुसऱ्या आठवड्यात एकदम बरं वाटायला लागलं होतं, एके सकाळी हुलग्याचं माडगं वाटीभर तोंडानं प्याले, मूठ छातीवर न ठेवता, मामी वाटीकडंच बघत होती. आता मात्र परत गिळताना आग होतीय म्हणतात, डॉक्टर म्हणाले शेकाची जळजळ आहे, गाठ नाही, पातळ औषध दिलंय जेवणाआधी घ्यायला. वजन ५३.५. तंबाखूची डबी त्यांनी स्वतःच मामीकडं दिली, चुन्याची मात्र अजून खिशात आहे, म्हणतात हाताला सवय आहे, राहू दे.

पोरीला विचारायला सांगितलंय त्यांनी की जपानवाल्यांचं पुढं काय झालं ते कळलं तर सांग. आणि सिस्टर, तुम्हाला एक विचारायचंय. काल रात्रीपासून शेंगाचटणी मागायलेत. म्हणतात तेल घालून अगदी पातळ करून चमचाभर. चालेल का?

निवृत्त_सिस्टर
नाही.

लूमवाला_भाचा
ते म्हणतात तिखट कमी घालून.

निवृत्त_सिस्टर
अजून नऊ शेक आहेत. मामांना म्हणावं सिस्टर नाही म्हणतीय, आणि डबा मामीला वरच्या फळीवर ठेवायला सांग, त्यांचा हात पोचणार नाही अशा.